काय दिवे लावणार, असं विचारलंत म्हणून

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत सारथी या सरकारी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, पीएचडी करून काय दिवे लावणार? गदारोळ झाला. मला त्यात नवं काही वाटलं नाही. लाखनीचे माझे मामा हाच प्रश्न दर दिवाळीला विचारतात, फक्त चिवड्याची ताटली पुढे सरकवून.

प्रश्न खोचक असला तरी गैर नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांनी मागावाच. तक्रार एवढीच की विचारणारे उत्तरासाठी थांबत नाहीत. आज जरा थांबा.

मी भंडाऱ्यात राहून प्राणिशास्त्रात पीएचडी करते. विषय, आमच्याकडचे मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. लाखनीच्या मामांशी त्यांचा संबंध नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव 1951 मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले. त्यांच्यावर धान पिकतो, शिंगाडा निघतो, मासेमार ढीवरांची घरं चालतात.

पहिला आक्षेप असा, की संशोधन म्हणजे पंख्याखाली बसून फुकटचं खाणं. तर पहाटे पावणेपाचची वेळ घ्या. भाऊ मोटारसायकल पाळीच्या टोकाला लावतो आणि तिच्यावरच डुलक्या काढतो. मी टॉर्च तोंडात धरून गुडघाभर पाण्यात उतरते. ही वेळ हौसेची नाही. रात्रभर उजेड नसतो, त्यामुळे शेवाळ, पाणवनस्पती, मासे सगळेच ऑक्सिजन वापरतात आणि तयार कोणीच करत नाही. सूर्य उगवण्याच्या जरा आधी तो सर्वांत कमी असतो. अकरा वाजता नमुना घेतला तर तोच तलाव ठणठणीत दिसेल. कार्यालयीन वेळेत आजारी तलाव सापडत नाही.

तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेट, मग अल्कलाइन आयोडाइड, बूच लावून बाटली उलटीपालटी करायची. तपकिरी साका बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढरा बसला तर नाही. एका ऑगस्टात, चार दिवस सलग आभाळ भरलेलं असताना, माझ्या बाटलीत जवळजवळ पांढराच साका बसला. डोंग्यातून एक ढीवर काका बघत होते.

"कायले नेता जी म्याडम हे पानी?"

"मासा श्वास घेतो का, ते बघते काका."

"मासा तं कालपासूनच वरती तोंड काढून रायला," म्हणाले, आणि जाळं आवरायला लागले.

म्हणजे माझ्याआधी त्यांना कळलं होतं. मग माझं काम काय, असा दुसरा आक्षेप इथेच उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. लोकांना अनुभवानं सगळं ठाऊक असतं, पदव्या कशाला? यासाठी आमच्या भागात एक नाव हमखास पुढे येतं, दादाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या या शेतकऱ्याला 1983 मध्ये पटेल-3 धानाच्या बांधीत काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यानं त्या वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षं निवडून वाढवल्या, आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. त्यांना कुठे होती पीएचडी?

नव्हती. पण हे उदाहरण आक्षेप घेणाऱ्यांच्याच अंगावर येतं. एकच प्रश्न धरून वर्षानुवर्षं त्याच बांधीत पाहत राहणं, वेगळं निघालेलं टाकून न देणं, पुन्हा पेरून खात्री करणं, याला संशोधनच म्हणतात. दादाजींनी ते केलं, फक्त त्या वर्षांचं मानधन त्यांना कोणी दिलं नाही. त्यांच्या वाणावरून कृषी विद्यापीठानं 1998 मध्ये पीकेव्ही-एचएमटी आणला. दादाजी 2018 मध्ये गरिबीतच गेले. ज्याला आपण उपाशी ठेवलं, त्याचंच नाव घेऊन दुसऱ्या संशोधकाला उपाशी ठेवायचं, हा कुठला न्याय? आणि धानाचंच बोलायचं तर साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले वाण आमचे शेतकरी लावतात. गादमाशीची कीड ज्या भागात ठाण मांडून बसते त्या भागात बसूनच तिच्याशी झुंजणारा वाण शोधावा लागतो.

राहिला काकांचा मासा. "मासा तोंड काढतो" हे मच्छीमार संस्थेच्या अर्जात चालत नाही. "पहाटे पाचला लिटरमागे एक मिलिग्रॅमही ऑक्सिजन नाही, आणि असं दोन पावसाळे मोजलं आहे" हे चालतं. त्यांचं शहाणपण आणि माझा आकडा एकत्र आले तर वर धानाच्या बांधीतून काय वाहून येतं, गाळ कधी काढायचा, यावर कोणाला तरी उत्तर द्यावं लागेल. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, आणि कन्हानमधून आंभोऱ्याला वैनगंगेत कसं उतरतं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. माहीत असणं आणि मोजलेलं असणं यात फरक आहे.

दिव्यांचंच विचारता, तर माझ्या तोंडातली टॉर्च घ्या. सुक्या बॅटरीत मँगनीज डायऑक्साइड असतं, आणि ते आमच्याच तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघतं. त्या काळ्या मातीतून वीज काढण्याची युक्ती 1866 मध्ये लेक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसानं बसवली. त्यालाही एखाद्या मामानं विचारलंच असेल.

आता आमच्या कैवाऱ्यांशी दोन शब्द, कारण त्यांचा त्रास मला टीकाकारांपेक्षा जास्त होतो. हे म्हणतात, संशोधन ही तपश्चर्या आहे, ज्ञानयज्ञ आहे, पैशाकडे काय बघता. बघते, कारण बर्फाचे, पेट्रोलचे आणि रसायनांचे पैसे यज्ञातून येत नाहीत. तपश्चर्या म्हटलं की पगार मागायची लाज वाटते, आणि मार्गदर्शकाच्या घरची कामं गुरुसेवा ठरतात. केंद्राची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 2019 मध्ये महिना 31,000 होती, 2023 पासून 37,000 झाली. कागदावर ठीक. पण माझ्यासारखीला ती तीन-तीन, चार-चार महिने येत नाही आणि मग एकदम येते. मधल्या काळात मी बारावीच्या शिकवण्या घेते. बीओडीचे, म्हणजे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते ते मोजायचे, नमुने 27 अंशांवर तीन दिवस ठेवावे लागतात. मे महिन्यात दुपारी वीज गेली की खोली चाळिशीपार जाते आणि तीन दिवस पाण्यात. यात कसलं तप आलं? हे काम आहे, आणि कामाचे खोळंबे आहेत.

एक मात्र कबूल करते. वाईट प्रबंध आहेत, उचललेले आहेत, कपाटातून कधीच बाहेर न आलेले आहेत. यात आमचा दोष आहेच. पण यूजीसीनं 2018 मध्ये विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकपदाला पीएचडी सक्तीची केली, अंमल पुढे ढकलला, आणि जुलै 2023 पासून सक्तीच काढून टाकली. शोधाला नोकरीचा दाखला केलं की दाखल्याच्या रांगेत सगळेच उभे राहतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आम्हाला दिवे लावणारे समजू नका आणि ऋषीही समजू नका. कामावरची माणसं समजा. मानधन एक तारखेला द्या आणि दर सहा महिन्यांनी मोजमापाची वही तपासा. काम दिसलं नाही तर खुशाल बंद करा. प्रबंध इंग्रजीत असला तरी ज्या गावाचं पाणी नेलं त्या गावाला मराठीत चार पानं देणं सक्तीचं करा. ती चार पानं मी लिहायला घेतली आहेत, पहिला वाचक डोंग्यातले काका.

मामांना या दिवाळीआधीच बोलावणं धाडलं आहे. तुम्हीही भंडाऱ्याकडे आलात तर पहाटे पावणेपाचला पाळीवर या. टॉर्च धरायला एक माणूस कमीच पडतो.