खाजगीपणाची ढाल कोणाच्या हाती?

डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातील कोटकिराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरविली. सरकारी कामांचे हजेरीपट तेथे भर सभेत वाचले गेले आणि कामावर कधीही न गेलेल्यांची नावे मजुरी घेणाऱ्यांत निघाली. लबाडी उघडी पडली ती नावांमुळे. नुसती मजुरांची संख्या व एकूण रक्कम जाहीर झाली असती तर हिशेब चोख दिसला असता. खोट्या हजेरीची बेरीज सहसा बरोबरच असते.

अशा लढ्यांतून माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आला. त्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये खाजगीपणाला रास्त स्थान होते. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली किंवा खाजगी जीवनात अकारण घुसखोरी करणारी माहिती नाकारता येई. मात्र व्यापक लोकहित असल्यास ती द्यावी लागे. संसदेला वा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असेही तेथे म्हटले होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने कलम ४४(३) द्वारा हा सारा तोल पुसून टाकला. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला. माहिती वैयक्तिक आहे, एवढे कारण आता नकाराला पुरते. आणि हजेरीपट म्हणजे नावांची यादीच की!

सरकार २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा आधार सांगते. नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, हे खरे. पण तो खटला उभा राहिला आधार योजनेवरून, म्हणजे नागरिकाची माहिती गोळा करणाऱ्या राज्यसंस्थेविरुद्ध. नागरिकाला मिळालेली ढाल आज अधिकारी स्वतःपुढे धरीत आहेत. शिवाय याच नव्या कायद्याचे कलम १७(२) केंद्राला आपल्या यंत्रणा त्यातून वगळण्याची मुभा देते. नागरिक उघडा आणि कचेरी झाकलेली, असा हा व्यवहार आहे.

तथापि खाजगीपणा ही श्रीमंतांची चैन म्हणून झटकून टाकणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. निराधार अनुदान घेणाऱ्या विधवेचे नाव व रक्कम यादीत हवी. तिचा आधार क्रमांक, बँक खाते वा आजार चावडीवर लागता कामा नये. पुराव्याच्या उत्साहात अख्ख्या कागदाची छायाचित्रे सर्वत्र पसरविणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. कागदाचा संरक्षित भाग झाकून उरलेला देण्याची सोय माहिती अधिकाराच्या कलम १० मध्ये पूर्वीपासूनच आहे. त्यासाठी सारा दरवाजा बंद करण्याची गरज नव्हती.

जुने कलम शब्दशः परत आणावे, ही मागणी प्रत्येक व्यासपीठावरून झाली पाहिजे. तोवर हातात कलम ८(२) आहे. नुकसानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते सांगते. ते लोकहित कोणते, हे अर्जातच दोन वाक्यांत लिहावे आणि नकार आल्यास ३० दिवसांच्या आत पहिले अपील करावे. शिधावाटपाच्या नोंदी खुल्या ठेवण्याचे बंधन २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २७ ने घातले आहे. तालुक्याच्या पुरवठा शाखेत पहिला अर्ज त्याच नोंदींसाठी जावा.