पिवळा शेंबूड आणि उरलेली स्ट्रिप

सर्दीच्या तिसऱ्या दिवशी बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: "पिवळं यायला लागलंय, म्हणजे इन्फेक्शन. मागच्या गोळ्या उरल्यात का बघ." गोळी घेण्याआधी नाक स्वतः काय करत असतं, ते बघूया.

नाकाच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे रोम असतात. ते सेकंदाला १०-१५ वेळा हलतात. त्यांच्यावरच्या शेंबडाच्या पातळ थरात धूळ आणि जंतू चिकटतात. रोम हा थर मिनिटाला साधारण ५ मिलिमीटर वेगाने घशाकडे सरकवतात. तो आपण नकळत गिळतो, पुढचं काम पोटातलं आम्ल करतं. हे मोजताही येतं. नाकात सॅकरिनचा कण ठेवला, तर निरोगी माणसाला साधारण २० मिनिटांच्या आत घशात गोड लागतं.

सर्दीचा विषाणू या रोमांनाच इजा करतो. म्हणून शेंबूड साचतो, आणि सर्दी गेली तरी नाक पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही आणि मोडलेले रोम उगवत नाही. ते फक्त जिवाणूंना मारतं, त्यात नाकातले आणि पोटातले उपयोगी जिवाणूही आले. उरलेसुरले चिवट जिवाणू पुढच्या वेळी त्या गोळीला दाद देत नाहीत. आणि पिवळा-हिरवा रंग? तो मुख्यतः लढायला आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींचा. केवळ रंगावरून जिवाणू ठरत नाहीत.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगची एक गोष्ट मला फार आवडते. १९२८ च्या त्या शोधाआधी काही वर्षं, सर्दी झालेली असताना त्याने स्वतःचाच शेंबूड जिवाणूंवर टाकून पाहिला होता. त्यातून लायसोझाइम हे जंतुनाशक द्रव्य सापडलं. म्हणजे औषध नाकात आधीपासूनच होतं!

मग अँटिबायोटिक कधी? दहा दिवसांत काहीच उतार नसेल, बरं वाटून पुन्हा बिघडलं असेल, किंवा तीन-चार दिवस जोराचा ताप आणि चेहरा दुखत असेल, तर डॉक्टरांकडे जा. खरंच जिवाणू असतील तर ते मरून सूज उतरते आणि रोमांची वाट मोकळी होते. त्यांनी दिलेला डोस सांगितल्याप्रमाणे घ्या.

एरवी भरपूर पाणी, वाफ सोसेल तेवढीच, धुरापासून लांब. जलनेती करत असाल तर पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. आणि नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर त्यांनीच नाक चोंदतं.