तलाव कुणाचा? सातबाऱ्यावाल्याचा की रोवणीवालीचा?

लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावात तलावाचा गाळ काढण्याचा विषय ग्रामसभेत आला. मी उठून विचारलं, "खोदणार कुठून, किती, आणि गाळ कुणाच्या वावरात जाणार?" मागून एकजण म्हणाला, "काकू, तुमच्या नावानं सातबारा हाय का? मंग तलावाचं तुमाले काय?" सभा हसली. माझ्यासोबतच्या बायाही हसल्या. तीस वर्षं याच तलावाच्या पाण्यावर मी लोकांच्या बांधीत रोवणी करते. तलाव भरला नाही तर रोवणी नाही, म्हणजे माझी मजुरी नाही. तरी तलावाचं मला काय!

मैत्रिणींनो, हा प्रश्न एका गावाचा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत. तीन-चारशे वर्षांपूर्वी गोंड राजवटीत कोहळी समाजाने ते बांधले, असं अभिमानाने सांगतात. पाळीवर माती वाहणाऱ्या डोक्यांत बायांची डोकी किती होती, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. गावाचे निस्तार हक्क कागदावर राहिले. पाळीची, पाटाची, तुडुमाची दुरुस्ती करायला मात्र धनी उरला नाही.

सरकारकडे पैसा नव्हता, असं कुणी म्हणू नये. आमच्याच जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द आहे. 1988 मध्ये पायाभरणी झाली तेव्हा हा 372 कोटींचा प्रकल्प होता. तो 18 हजार कोटींच्या पुढे गेला. 2014 मध्ये जलयुक्त शिवार आलं. 9 हजार 600 कोटींवर खर्च झाला, आणि 2020 च्या अहवालात 'कॅग'ने म्हटलं की भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. 2017 मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' सुरू झालं. गाळ फुकट, पण वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. म्हणजे ज्याच्याकडे ट्रॅक्टर, त्याचं शिवार गाळयुक्त! पुढे 2023 पासून अल्पभूधारकांना, विधवांना अनुदान आलं. चांगलं झालं. पण त्यालाही नावावर जमीन लागतेच.

मी गाळ काढण्याच्या विरोधात नाही. पण मशीन मधोमध खोल खड्डा पाडते. तुडुमाच्या खाली गेलेलं पाणी पाटाने वावरात येत नाही. ते वर आणायला पंप लागतो, आणि पंप गरिबाकडे नसतो. काठावरचं देवधान, पाणवनस्पती उपटल्या की मासळीला अंडी घालायला जागा राहत नाही. हे इंजिनिअरला नसेल ठाऊक, ढिवर बाईला ठाऊक आहे. अर्जुनी मोरगावकडच्या ढिवर बायांनी बेशरमची झाडं उपटून तलावात पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा तलावांत मासळी परत आली. त्या कामाला कोटी लागले नाहीत. बायांना विचारावं मात्र लागलं.

नदीचंही तेच. नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत येतं आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं. नागनदीच्या शुद्धीकरणाची योजना हजारो कोटींची. पण घाण पाण्याच्या काठावर मासळी विकणारीला, आजारी लेकरू सांभाळणारीला कोणत्या बैठकीचं बोलावणं येतं?

सरकार म्हणेल, 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्था केल्या, समितीवर बायांना जागा ठेवल्या. खरं आहे. पण सभासद होणार कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक. जमीन नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नावाने. शेतकरी संघटनेने 1990 च्या सुमारास लक्ष्मी मुक्तीची हाक दिली, काही घरांत बायांची नावं सातबाऱ्यावर चढली. बाकीच्यांचं काय? आणि जिच्या घरात कुणाच्याच नावाने जमीन नाही, तिचं काय?

पाणी जमिनीलाच बांधलेलं असावं, हा काही निसर्गाचा नियम नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने पाणी माणशी वाटलं, भूमिहीनालाही हक्क दिला. पन्नास वर्षांपूर्वी जे जमलं, ते आज कायद्यात का येऊ नये?

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "आधी पाणी तर येऊ द्या, बायांचा प्रश्न नंतर पाहू." पाणी आलं की वाटणी ठरूनच येते, भाऊ. नंतर आमच्या हाती फक्त घागर उरते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तलावाच्या प्रत्येक कामाआधी बायांची वेगळी सभा घ्या, आणि तिचा ठराव बंधनकारक करा. रोवणीवाली, ढिवरीण, भूमिहीन, सगळ्या पाणीवापर संस्थेच्या सभासद झाल्या पाहिजेत. कामाचा नकाशा आणि हिशोब चावडीवर मराठीत लावा. गाळाचा पहिला वाटा एकट्या बाईच्या वावराला द्या.

पुढच्या ग्रामसभेत मी पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे. या वेळी एकटी नाही. मागच्या वेळी हसलेल्या बायांपैकी अकरा जणी सोबत येतो म्हणाल्या आहेत. तुमच्या गावात किती जणी उठतील, ते आम्हाला जरूर कळवा.