रोपवाटिकावाल्याची अब्रू

सभासद बंधूंनो, को ८६०३२ ची रोपे लावली, फुटवे गवतासारखे निघाले, की पारावर अन् मोबाईलवर लगेच सुरू : रोपवाटिकावाला लबाड, भेसळ देतो! अहो, गवताळ वाढ हा रोग आहे. तो बेण्यातून येतो, तसा तुडतुड्यांमुळेही पसरतो. शहानिशा न करता उठवलेल्या अशा बोलण्याने एखाद्याचा अख्खा हंगाम बुडतो.

त्याला कायद्याचा आधार आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावता येतो, पण १ वर्षाच्या आत. बोलणे खरे ठरले तर मात्र दावा टिकत नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३५६ खाली मॅजिस्ट्रेटपुढे फिर्यादही होते. शिक्षा २ वर्षांपर्यंत. संस्थेचीही बदनामी कायदा मानतो, म्हणजे आपला कारखानाही त्यात आला.

तरी कारखान्याने सभासदालाच नोटीस काढावी, हे आम्हाला पटत नाही. काट्याचा संशय असेल तर वैधमापन निरीक्षकाकडे अर्ज द्या. अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, असे त्याच कलमात आहे. आणि कारखान्याने गाडी फेरवजन करून दाखवावी. कोर्टापेक्षा ते स्वस्त पडते.

रोपांचे म्हणाल, तर बेटे उपटायच्या आधी गट ऑफिसात कळवा. प्लॉट पाहून रोग की भेसळ ते सांगू.