पातेरा पेटवू नका: कोकणातल्या ग्रामस्थांना तातडीचे आवाहन

ग्रामस्थहो, बागायतदारहो आणि शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनो,

सड्यावरचं गवत वाळून कोळ झालंय. काजू बोंडावर आहे, हापूसच्या कलमांवर फळ धरलंय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात दर वर्षी नेमक्या याच दिवसांत वणवे लागतात आणि वर्षानुवर्षं जपलेल्या बागा होरपळतात. हे वणवे आभाळातून पडत नाहीत. कुणी बांधावरचं गवत जाळायला काडी ओढतं, कुणी आवारातला पातेरा पेटवून जेवायला घरात जातं, कुणी पेटती विडी वाटेवर टाकतं.

दुपार झाली की समुद्रावरून वारा उठतो. आग चढावर धावते, कारण खालच्या ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. तेव्हा बांधावर चार माणसं आणि दोन कळश्या असून काही उपयोग नाही. म्हणून हात जोडून सांगतो, पाऊस पडेपर्यंत पातेरा, गवत, कचरा जाळू नका.

जाळलं की जमीन सुधारते, ही समजूत आता सोडायला हवी. पातेऱ्यातलं नत्र धुराबरोबर निघून जातं, उरलेली राख पहिल्या सरीत वाहते आणि तिच्यामागून जांभ्यावरची मुळातच पातळ माती. तोच पातेरा कलमाच्या आळ्यात घातलात तर ओल टिकेल आणि वर्षभरात खत होईल. तरव्यासाठी भाजावळ करणाऱ्यांची गरज मला कळते. पण निदान सकाळी, वारा पडलेला असताना, भोवतालची जागा साफ करून, पाणी हाताशी ठेवून आणि शेजाऱ्याला सांगून करा. शेवटचा निखारा विझेपर्यंत तिथून हलू नका.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने असा कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. राखीव जंगलाला आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आग आपल्याच सातबाऱ्यावर लावली होती, एवढ्याने सुटका होत नाही.

होमस्टे चालवणाऱ्यांना वेगळी विनंती. पाहुण्यांच्या हौसेसाठी आवारात शेकोटी पेटवत असाल, तर या मोसमात ती बंदच ठेवा. नाही म्हटल्याने पाहुणा तुटत नाही. होळीचा होम मात्र आपला आहे, तो होणारच. त्याच्याभोवतीचं गवत आदल्या दिवशी बेणून काढा आणि मिरवणूक पुढे गेली तरी दोन माणसं तिथे थांबू द्या.

आग दिसली, कुणाचीही असो, तर आधी फोन करा: अग्निशमनासाठी 101, कोणत्याही संकटासाठी 112, जंगलाकडे सरकत असेल तर वनविभागाचा 1926. बाजूच्या वाडीला हाक द्या. ओल्या टहाळ्यांनी कडेकडेने झोडपा, पण आगीच्या वरच्या अंगाला, चढावर, कुणीही उभं राहू नये. आग विझल्यासारखी वाटली तरी रात्रभर पाळत ठेवा. वाळक्या ओंडक्यात आणि गुरांच्या शेणात विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहतो.