माळा हलकाच बरा!

दिवाळीची साफसफाई निघाली की घरोघरी हाक ऐकू येते, "बाळा, तू हलका आहेस, माळ्यावर चढ बघू!" वडोदऱ्यातील आपल्या अनेक बंगल्यांत गॅरेजवर लाकडी माळा असतो. तो सोयीचा खरा, पण मुलांना तिथे चढवण्याची ही पद्धत बंद व्हावी, असे मला मनापासून वाटते.

पुठ्ठ्याचे मखर, आकाशकंदील, उत्तरायणाच्या फिरक्या, रिकाम्या बॅगा वर खुशाल ठेवाव्यात. जुन्या पुस्तकांचे गठ्ठे मात्र खालीच बरे. साध्या ए-फोर कागदाचे ५०० पानांचे एक रीम सव्वादोन किलोंहून जास्त भरते. म्हणजे दहा रिमांएवढे गठ्ठे झाले की तेवीस किलो! फळ्या वाळवीने पोखरलेल्या असल्या तर वरून कळतही नाही.

रंगाचे डबे, रॉकेल, उरलेले फटाके तर माळ्यावर नकोतच. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी पेटते आणि खाली पेट्रोलची गाडी उभी असते.

शिडी चार फूट उंचीला एक फूट पुढे टेकवावी, खाली कोणीतरी धरून उभे राहावे. वर मोठ्या माणसानेच चढावे. पालकहो, मखर पुन्हा करता येईल. पडलेल्या मुलाचे काय?