टांकीचाही फेरफार पाहावा

हल्लीं सुटीच्या दिवशीं शहरांतील पाहुणे आपल्या शेतांवर येऊं लागले आहेत. राज्य सरकारनें सन २०२० मध्यें कृषि-पर्यटनाचें धोरण ठरविलें, तेव्हांपासून या जोडधंद्याकडे अनेक शेतकरी बंधूंचें लक्ष गेलें आहे. हुरडा, पिठलें-भाकरी यांच्या जोडीस अमेरिकेंतील ‘बार्बेक्यू’, म्हणजे धुरावर मंद शिजविलेलें मांस, पाहुण्यांपुढें ठेवावें आणि त्यासाठीं लागणारी भट्टी भंगारांतील टांक्यांतून घरच्या घरीं बांधावी, अशी हौस तरुण मंडळींत दिसूं लागली आहे. ही हौस वाईट आहे असें माझें म्हणणें नाहीं. जुनी वस्तु कामीं लावणें हा शेतकऱ्याचा गुणच आहे. परंतु टांकीचा भाव ठरविण्याआधीं तिचा पूर्वेतिहास विचारला पाहिजे, आणि विकणारानें तो सांगितला पाहिजे, एवढें निक्षून सांगणें मला जरूर वाटतें.

ही भट्टी मूळची कोठली, हें प्रथम पाहूं. अमेरिकेच्या टेक्सास प्रांतांत एकोणिसाव्या शतकांत जर्मन व चेक लोक येऊन राहिले. त्यांच्यांतील मांसविक्रेत्यांनीं न खपलेलें मांस धुरी देऊन टिकविण्याची आपल्या देशची रीत तेथें चालू ठेविली. लॉकहार्टसारख्या गांवांतील जुन्या दुकानांतून अशा भट्ट्या विटांच्या बांधलेल्या असत. पुढें सन १९०१ मध्यें बोमाँट शहराजवळ स्पिंडलटॉप येथें खनिज तेलाचा प्रचंड झरा लागला. त्या धंद्याच्या वाढीबरोबर जाड लोखंडी नळ, मोठ्या टांक्या आणि वेल्डिंग जाणणारे कारागीर यांचा त्या प्रांतांत सुकाळ झाला, व उरल्यासुरल्या लोखंडांतून धातूच्या भट्ट्या बनूं लागल्या. ऑस्टिन शहरांत २००९ सालीं सुरू झालेलें ‘फ्रँकलिन बार्बेक्यू’ हें नामांकित भोजनगृह हजार गॅलन मापाच्या जुन्या प्रोपेन टांक्यांपासून केलेल्या भट्ट्यांबद्दल प्रसिद्ध आहे.

रचना साधी आहे. टांकी आडवी ठेवून एका टोकास विस्तवाची पेटी जोडतात व दुसऱ्या टोकास धुराडें बसवितात. मांस विस्तवावर नसतें. ऊन धूर त्यावरून वाहत जातो. आंतील उष्णता सुमारें ११० ते १३५ अंश सेंटिग्रेड राखून, ओक वृक्षाचीं वाळलेलीं लांकडें जाळून, जनावराच्या छातीचें चिवट मांस बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ शिजवितात, तेव्हां तें मऊ होतें. इतका वेळ उष्णता एकसारखी राहण्यास पत्रा जाड लागतो. मोठ्या प्रोपेन टांकीचा पत्रा सहा मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड असतो. दोनशें लिटरच्या पिंपाचा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर. म्हणून पिंपाची भट्टी स्वस्त पण लवकर गंजणारी, आणि टांकीची महाग पण टिकाऊ. येथवरचा हिशेब सोपा आहे.

अवघड हिशेब पुढेंच आहे. जमीन घेणारा शहाणा मनुष्य नुसतें काळें रान पाहून इसार देत नाहीं. तो सात-बाराचा उतारा काढतो, फेरफार वाचतो, इतर हक्कांच्या रकान्यांत कोणाचा बोजा आहे तें पाहतो. महसुली दप्तरांत उमेद घालविलेल्या माझ्यासारख्या कारकुनास वाटतें कीं, लोखंडाच्या टांकीवरही असे बोजे असतात. फरक इतकाच कीं, ते कागदावर चढलेले नसतात, पत्र्यांत मुरलेले असतात.

पहिला बोजा वायूचा. प्रोपेन हवेपेक्षां जड असल्यामुळें झडप उघडी ठेविली तरी टांकीच्या तळाशीं राहूं शकतो. पेट्रोल-डिझेलच्या रिकाम्या पिंपांतही तेलाची वाफ उरते. ती हवेंत मिसळली म्हणजे एक ठिणगी पुरते. या बाबतींत रिकामें पिंप भरलेल्यापेक्षां अधिक घातक समजावें. जाणते कारागीर अशी टांकी कापण्यापूर्वीं आंतून स्वच्छ धुवून तोंडापर्यंत पाण्यानें भरतात. ग्राइंडर आणून घरच्या अंगणांत करण्याचें हें काम नव्हे. आणि घरगुती गॅसच्या सिलिंडरास तर हातच लावूं नये. तें अनामत भरून वापरास मिळालेलें असतें; आपला त्यावर भोगवटा आहे, मालकी नाहीं.

दुसरा बोजा जस्ताचा. लवकर न गंजणाऱ्या पांढऱ्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त सुमारें ४२० अंशांवर वितळतें, आणि वेल्डिंगच्या झळीनें तर त्याची वाफ होऊन पांढरा धूर निघतो. तो छातींत गेला म्हणजे कांहीं तासांनीं हुडहुडी भरून ताप येतो. कोणी म्हणेल, मांस सव्वाशें अंशांत शिजतें, तेथें जस्त कसें वितळणार? हा आक्षेप अर्धा खरा आहे. मांसाच्या कप्प्यांत तें वितळणार नाहीं. परंतु विस्तवाच्या पेटीचा पत्रा याहून कितीतरी अधिक तापतो, व तेथें मुलामा टिकत नाहीं. शिवाय दहीं किंवा लिंबू लावलेलें मांस मुलाम्याच्या जाळीवर ठेविलें, तर आंबट रसांत जस्त उतरतें. आंबट ताक पत्र्याच्या बादलींत सुगरण ठेवीत नाहीं, तें उगीच नव्हे.

तिसरा बोजा विषाचा, आणि तो सर्वांत वाईट. कारण तो दिसत नाहीं, आणि पिंप धुतल्यावर त्याचा वासही येईलच असें नाहीं. आपल्यांत अशी समजूत आहे कीं, अग्नि सर्व कांहीं शुद्ध करतो. एकदां जाळ केला कीं पिंप निर्मळ झालें. परंतु पिंपाच्या दुमडलेल्या शिवणींत जाळ सारखा पोंचत नाहीं, आणि जळणाऱ्या कीटकनाशकाचा धूर हाही विषारीच असतो. सन २०१३ च्या जुलै महिन्यांत बिहारच्या सारण जिल्ह्यांत एका शाळेंतील माध्यान्ह भोजनानें २३ मुलें दगावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक सापडलें. तें तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यांत ठेविलें गेलें असावें, असें त्या वेळच्या वृत्तांत आलें होतें. त्या मुलांच्या ताटांत काय वाढलें जात आहे, हें वाढणारासही ठाऊक नसावें. पूर्वेतिहास न पाहण्याचें मोल किती पडतें, याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. भंगारवाल्याकडे हीं पिंपें येतात कोठून? बरीचशीं आपल्याच शेतांवरून जातात. पिंपांत काय होतें हें त्याला विचारून उपयोग थोडा. तें रिकामें करणारासच खरें ठाऊक असतें. तेव्हां पहिली जबाबदारी घेणाराची नव्हे, देणाराची आहे. सन १९७१ च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, रिकामीं वेष्टनें पुन्हां वापरांत येऊं नयेत म्हणून बाहेर टाकूं नयेत. तीं फोडून वस्तीपासून दूर पुरावीं. आपण मात्र त्यांचे चार पैसे करण्यासाठीं तीं धडधाकट विकतों, आणि तींच फिरून कोणाच्या तरी चुलीपाशीं येतात.

माझी सूचना अशी आहे. विषाचें पिंप रिकामें झालें कीं त्याच दिवशीं मालकानें त्यास कुदळीनें भोंकें पाडावीं. मोह पडण्यास अवधि ठेवूं नये. इतर प्रत्येक पिंपावर व टांकीवर, आंत काय होतें तें ऑइल-पेंटनें ठळक लिहावें. आपल्या संघानें गोदामांत एक नोंदवही ठेवावी: अनुक्रमांक, आंतील माल, रिकामें झाल्याची तारीख आणि कोणास दिलें. चार रकान्यांचें हें काम आहे. त्यास खर्च नाहीं. ज्यांस भट्टी बांधावयाची आहे त्यांनीं या वहींतून गोड्या तेलाचें किंवा फळांच्या रसाचें पिंप निवडावें. तेंही बाहेर मोकळ्यावर एकदां कडक जाळ करून, आपण वाऱ्याच्या बाजूस उभे राहून, आंतील रंग व लेप पार जाळावा. मग तारेच्या ब्रशानें लोखंड उघडें होईपर्यंत घासावें, आणि त्यानंतरच त्यांत अन्न ठेवावें.

ज्याचा इतिहास कोणासही सांगतां येत नाहीं, तें पिंप फुकट मिळालें तरी महाग समजावें. ज्या जमिनीचे कागद मिळत नाहींत ती आपण कितीही स्वस्तांत घेत नाहीं. तोच कसोशीचा नियम पाहुण्यांच्या आणि घरच्या मुलांच्या ताटांत जें पडावयाचें त्यास लावावा, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.